आधी तक्त्याला विचारा



शाळेचे दाखल-खारिज रजिस्टर उघडले की वरची शीर्षके दिसतात: नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, मातृभाषा. शीर्षकच नसेल तर ती गोष्ट लिहायला जागा नसते. संगणकातील डेटाबेसचेही तसेच आहे.

आपण रजिस्टर डोळ्यांनी पाहतो. प्रोग्रामला डोळे नाहीत. त्याला विचारावे लागते की या तक्त्यात रकाने कोणते, त्यांत अंक आहेत की अक्षरे, किती मावतात, रिकामे चालतात का. तक्त्यांवर आधारलेल्या डेटाबेसची कल्पना आयबीएमचे ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. तक्त्यांची रचनासुद्धा तक्त्यांतच असावी व ती त्याच भाषेत विचारता यावी, हा त्यांचा १९८५ सालचा नियम. १९९२ च्या एसक्यूएल मानकात त्यासाठी 'इन्फर्मेशन स्कीमा' आली. ज्या 'सिलेक्ट' आज्ञेने मुलांची नावे मिळतात, तिनेच रकान्यांची नावेही मिळतात.

याचा उपयोग काय? 'ज्ञानेश्वर' हे नाव आपल्याला चार अक्षरांचे वाटते. युनिकोडमध्ये ती १० चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ मध्ये ३० बाइट. काही डेटाबेस रकान्याची मर्यादा बाइटांत मोजतात. तेथे २० च्या रकान्यात हे नाव मावणार नाही. प्रोग्रामने मर्यादा आधीच विचारली, तर वेळेवर सूचना देता येते.

दुसरी गोष्ट मातृभाषेची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्यप्रदेशातच राहिले. तेव्हापासून आपल्या घरांत बोलणे मराठीत आणि कागद हिंदीत. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. आमची मराठी घरातच राहिली. शाळेत मराठी मुले किती, हे उद्या कोणी विचारले तर उत्तर त्या एका रकान्यातूनच निघेल.

म्हणून जुनी माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना प्रोग्रामने दोन्हींकडचे रकाने मागवून ताडून पाहावेत, आणि नव्यात नसलेल्या रकान्यांची यादी माणसापुढे ठेवावी. नाहीतर रकाना गुपचूप गळतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

अकरावी-बारावीच्या संगणकाच्या मुलांनी असा छोटा प्रोग्राम अवश्य लिहून पाहावा. आणि पालकहो, प्रवेश-अर्जात मातृभाषेसमोर घरी जी बोलता, तीच लिहा.