किंमत न लपवणारी चांदी

गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत माझ्या आजीची सगळी शिल्लक तिच्या गळ्यात असायची. राणीछाप रुपयांची माळ. प्रत्येक नाण्याला वर कडी जोडलेली, मधल्या नाण्यावरच्या राणीचा गाल घासून पार सपाट झालेला. जुना रुपया तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात जवळपास ९२ टक्के चांदी. आजीला ग्रॅम ठाऊक नव्हते. पण ही नाणी आटवून ठुशी करायचं कुणी सुचवलं की ती सरळ नाही म्हणायची. रुपया पोरालाही ओळखू येतो, ठुशीत किती भेसळ ते सोनारच जाणे! आजारपणात, लग्नकार्यात एकेक नाणं सुटत गेलं.

नोकरीपायी ठाण्यात आलो, तर शेजारच्या काकू बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, निघाल्या. माहेर अलिबागकडचं, बोलणं अस्सल कोकणी. त्यांचे पूर्वज घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव ‘शनवार तेली’. काकूंच्या गळ्यात काळ्या मण्यांचं मंगळसूत्र आणि बोटात चांदीची साधी अंगठी, बिनखड्याची, बिननक्षीची. त्यांनीच सांगितलं, की ज्यू लग्नात नवरदेव घालतो ती अंगठी त्याच्या स्वतःच्या मालकीची हवी आणि तिला खडा नसावा. खड्याची किंमत सगळ्यांना पारखता येत नाही. नवरीची फसगत व्हायला नको. आजी हयात असती तर तिने यावर मान डोलावली असती.

पुढे काकू मुलाकडे इस्राएलमधल्या अश्दोदला गेल्या. जाताना चांदीचा षट्कोनी तारा माझ्या बायकोच्या हातावर ठेवला. मुर्रीला नेला तर आई म्हणाली, ‘हे तर देवीचं यंत्र!’ आणि हात जोडले. तिचं काही चुकलं नव्हतं. ही आकृती अनेकांची आहे. प्रागच्या ज्यूंच्या निशाणावर ती चौदाव्या शतकापासून दिसते, पण जगभरच्या ज्यूंची खूण म्हणून रुळली ती बरीच अलीकडे, १८९७च्या बाझलमधल्या झायोनिस्ट परिषदेच्या आगेमागे.

चांदीचंही तसंच. येमेनमध्ये चांदीकाम बहुतांशी ज्यू कारागिरांच्याच हाती होतं. केसासारखी तार ओढून ते जाळी विणत. मुसलमान नववधूंचे दागिनेही तेच घडवत, म्हणजे अंगावर कुणाच्या आणि हात कुणाचे! चांदी यायची ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीच्या नाण्यांतून. राणी १७८० साली वारली, तरी पुढेही नाण्यावर साल १७८०च पाडत राहिले, कारण लोकांचा भरवसा त्याच छापावर. १९४९-५० मध्ये विमानांनी सुमारे ४९ हजार ज्यू येमेनहून इस्राएलला गेले, त्यांत हे कारागीरही होते.

दुकानात ज्यू दागिना मागितला की हल्ली तारा पुढे करतात. मला विचाराल तर खरा ज्यू दागिना काकूंच्या बोटातला. ताऱ्याबद्दल त्यांच्या धर्मशास्त्रात सक्ती नाही. अंगठीची किंमत मात्र नवरीला कळलीच पाहिजे.