हयातीचा दाखला

बँकेत कारकुनी करणाऱ्याला 'काढणे' या क्रियापदाचे नावीन्य उरत नाही. लोक आमच्याकडे येऊन खाते काढतात, कर्ज काढतात, आणि काहीच काढायचे नसले तर आमच्या चुका काढतात. पण परवा रात्री जेवताना आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही आता पॉडकास्ट काढा," तेव्हा मात्र माझा घास हातातच राहिला.

"म्हणजे काय करायचं?"

"मोबाइलवर बोलायचं, रेकॉर्ड करायचं आणि सोडून द्यायचं. ज्याला ऐकायचं तो ऐकतो."

"आणि ज्याला ऐकायचं नाही तो?"

"तो नाही ऐकत."

ही पद्धत आमच्या घरात माझ्या बाबतीत लग्नापासून चालू आहे. तिला पॉडकास्ट म्हणतात, एवढेच मला ठाऊक नव्हते.

"हल्ली चांगले चांगले पत्रकार पेपर सोडून पॉडकास्ट करतात," चिरंजीव पुढे म्हणाले. "काही तर स्टेजवर उभे राहून लोकांना हसवतात. आणि तुम्ही अजून दिवाळी अंकात लिहिता!" त्याने 'अजून' हा शब्द असा उच्चारला, की मी अजून पाटीवर लिहितो असे कुणालाही वाटावे.

आता तुमच्यापासून काय लपवायचे! गेली अठरा वर्षे मी विनोदी लिहितो, पण माझ्या लिखाणाला कुणी हसल्याचे मी स्वतःच्या कानांनी ऐकलेले नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे अधूनमधून या धंद्याचा ताळेबंद मांडून बघतो. नावे बाजूला कागद, चहा, जागरण आणि सौभाग्यवतीची बोलणी. जमेच्या बाजूला हशा लिहावा, तर त्याची पावती कुठाय? एकदा एका वाचकाचे पत्र आले होते. माझ्या लेखात दोन अनुस्वार राहून गेल्याचे त्याने कळवले होते. सौ. माझा लेख वाचते ती तांदूळ निवडायच्या चेहऱ्याने. खडा सापडला तरच बोलते.

बाकी पत्रकाराने बोलता होणे हे आपल्याकडे नवे नाही. शिरीष कणेकरांनी (१९४३–२०२३) ते केव्हाच करून दाखवले होते. रेल्वेच्या डॉक्टरांचा हा मुलगा कायदा शिकला आणि वकिली करायची सोडून वर्तमानपत्रांत शिरला. इंडियन एक्स्प्रेस, फ्री प्रेस जर्नल, लोकसत्ता असा फिरला. सिनेमा आणि क्रिकेट, म्हणजे ज्या दोन गोष्टींपायी आपण शाळेत मार खाल्ला, त्यांवरच त्याने लेखणी चालवली. इथवर सगळे रीतसर. पण लिहिता लिहिता हा गृहस्थ 'माझी फिल्लमबाजी' घेऊन सरळ रंगमंचावर जाऊन उभा राहिला. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने बावन्न पात्रे उभी केली. कणेकरांनी एकच पात्र उभे केले, ते म्हणजे कणेकर.

लोकांना यात गंमत वाटते. मला, एक कारकून म्हणून, भीती वाटते. कारण मी काचेमागे बसतो. काच काय चीज आहे हे आम्हाला विचारा. काचेपलीकडचा माणूस चिडला, ओरडला, तरी मधल्या भोकातून येईल तेवढाच राग आपल्याला लागतो. लेखकालाही कागदाची अशीच काच असते. लेख वाचून कुणी जांभई दिली तरी ती लेखकाला दिसत नाही. कणेकरांनी ती काच काढून टाकली. पहिल्या रांगेतली जांभई त्यांना प्रकाशझोतातून दिसणार होती आणि न आलेला हशा साऱ्या नाट्यगृहाला ऐकू जाणार होता. पगारी लेखणी हातात असताना असा उद्योग अंगावर घ्यायला छाती लागते. आम्ही तर रोखपालाच्या खुर्चीवर बदली झाली तरी रजेचा अर्ज लिहितो.

पॉडकास्टचे बारसेसुद्धा एका पत्रकारानेच केले म्हणतात. २००४ साली इंग्लंडच्या 'गार्डियन' या वर्तमानपत्रात बेन हॅमर्सली यांनी आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची गाठ मारून हा शब्द काढला. त्यातला आयपॉड कंपनीने २०२२ साली बंद केला. शब्द मात्र राहिला. आमच्या शाखेत लेजरची वही जाऊन वर्षे लोटली, तरी आम्ही 'लेजरला बघतो' म्हणतो, त्यातलाच प्रकार.

शेवटी मी ठरवले. एकदा बोलून बघायचे.

मी राहतो मंचरला, आंबेगाव तालुक्यात, आणि नोकरी नारायणगावला, जुन्नर तालुक्यात. हा मुलूख जणू बोलण्या-ऐकण्यासाठीच वसला आहे. उपग्रहामार्फत परदेशाशी बोलणारे विक्रम भूकेंद्र १९७१ साली उभे राहिले ते नारायणगावजवळच्या आर्वीला. आकाशातून येणारे रेडिओ संदेश ऐकणाऱ्या, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अजस्र तबकड्या आहेत त्या खोडदला आणि आसपास. या भागात रेडिओचा गोंगाट कमी म्हणून डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही जागा पसंत केली. त्या गोंगाटात आता मी भर घालणार होतो.

आवाज घुमू नये म्हणून चिरंजिवांनी मला कपड्यांच्या कपाटात तोंड घालून बसवले. समोर सौ.च्या पैठण्या. पहिल्या दिवशी मी "नमस्कार, रसिकहो" म्हटले आणि कुकरने तीन शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या दिवशी रंगात आलो तोच मागल्या उसाकडे कुत्री भुंकू लागली. आमच्या भागात रात्री कुत्री अशी भुंकली की तो विनोदाचा विषय नसतो. बिबट्या आला असे समजून दारे लावायची असतात. तिसऱ्या दिवशी एकदाचा अठरा मिनिटांचा कार्यक्रम झाला आणि चिरंजिवांनी तो जगात सोडला.

आठवड्याने हिशेब केला. श्रोते अकरा. त्यांतला चार वेळा मीच होतो, नीट लागतो का ते बघायला. दोन वेळा चिरंजीव. एक घोडेगावचे मेव्हणे, त्यांनी चुकून लावले होते. उरलेले चार कोण, हे शोधायचे मी मनावर घेतले नाही. न जुळणारी रक्कम कुठे टाकायची हे आम्हाला शिकवलेले असते. हसल्याचा निरोप मात्र एकाचाही नव्हता. मला तो अकराचा आकडा रात्री अंथरुणातही दिसायचा. अठरा वर्षे मी समजूत घालत होतो, की लोक हसत असतील, आपल्याला ऐकू येत नाही इतकेच. आता वाटू लागले, की कदाचित कुणीच हसत नसेल.

अशा मनःस्थितीत नोव्हेंबर आला. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचा महिना. माणूस जिवंत असल्याचे कागदावर आल्याखेरीज पुढचे पैसे नाहीत. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचे हे गाव. पाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेवाले येऊन सुपाऱ्या देऊन जातात. त्यामुळे आमच्या रांगेत ज्येष्ठ कलावंतांचे सरकारी मानधन घेणारी मंडळीही असतात. त्यांत एक बुवा आहेत. एके काळचे सोंगाड्या. आता गुडघे गेलेत, दात गेलेत, फड तर कधीच सुटलाय.

आमच्या शिपायाने त्यांच्या कानात माझी भानगड घातली असावी. म्हातारबुवा काचेशी वाकून म्हणाले, "सायेब, तुमी बी आमच्या धंद्यात आलाय म्हनं. ऐकवा की."

मी मोबाइल भोकातून सरकवला. बुवांनी तो कानाला लावून दोन मिनिटे ऐकले. सही जुळते का ते बघताना माझा चेहरा जसा होतो, तसा त्यांचा झाला होता.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पन तुमी थांबतच न्हाई. मान्सानं हसायचं कुठं? रान नांगरलं तरी चालाया बांध ठिवावा लागतो. समूर कोन बसलं व्हतं?"

"कपाट."

"मग बरूबर हाय. कपाटासाठी कोन थांबंल?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "आमच्याकडं बतावणीला समूर सरदार आसतो. त्यो इचारतो, आमी बोलतो. येकट्याचा खेळ लई अवघड, सायेब."

मागे रांग चुळबुळ करू लागली होती. मी फॉर्म पुढे केला. "बुवा, तुम्ही हयात आहात असं इथं लिहून द्या."

बुवांनी फॉर्मकडे बघितले, रांगेकडे बघितले, आणि त्यांची पाठ एकदम सरळ झाली.

"म्हंजे मी सांगितल्याव तुमचा इस्वास बसंल?"

"नियम आहे."

"आन् येखादा मेलेला मानूस हितं यिऊन म्हनला, मी मेलोय, तर?"

"तर..." मी खरोखरच विचार केला, "तर मॅनेजरसाहेबांना विचारावं लागेल."

रांग हसली. मी पुढे काही बोलणार, तोच बुवांनी काचेवर बोट टेकवले. थांबा. हशा सगळा निवला, शेवटची म्हातारी खोकून गप्प झाली, तेव्हा त्यांनी हळूच विचारले,

"आन् सायेब रजेवर आसलं, तर त्येनं तवर जित्तं ऱ्हायाचं का?"

मग मात्र अख्खी शाखा हसली. आतून मॅनेजरसाहेब बाहेर आले आणि काय झाले ते न कळताच हसले. बुवा मात्र अजिबात हसले नाहीत. डोळे मिटून ते ऐकत उभे होते. किती वर्षांनी ऐकत होते कोण जाणे. त्या फॉर्मवर मग त्यांनी अंगठा उमटवला. पण मला विचाराल तर हयातीचा दाखला त्याआधीच मिळाला होता. थोडासा मलाही.

त्या दिवशी कणेकरांनी काच का काढली असेल ते मला उमजले. माझी काच बँकेच्या मालकीची आहे, ती मला काढता येत नाही. पण रविवारी मी कपाट बंद केले आणि सौ.ला समोर बसवून बोललो. ती शेंगा सोलत होती. बाराव्या मिनिटाला ती एकदा हसली. भलत्याच ठिकाणी हसली. मी एका आजारी मित्राविषयी गंभीरपणे सांगत होतो.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, तेवढं कापून टाकू."

मी म्हटले, "खबरदार!"