बरणीतला साक्षीदार

या मेंदूचे आजवर कुणी काप केलेले नाहीत. मेंदूच्या अभ्यासात ही विलक्षण गोष्ट आहे, कारण तिथे नमुना हाती आला की आधी सुरी चालते. हा मात्र एप्रिल 1861 पासून अख्खा राहिला आहे, पॅरिसमधल्या एका काचेच्या बरणीत. पृष्ठभागावर वळ्यांची नेहमीची दाटी आहे. डाव्या बाजूला, कपाळाच्या मागे, ती दाटी एकदम तुटते आणि खळगा दिसतो. कोंबडीचं अंडं मावेल एवढा, असं हा मेंदू कवटीतून बाहेर काढणाऱ्या सर्जननं तेव्हा लिहून ठेवलं. वजन भरलं 987 ग्रॅम. प्रौढ पुरुषाचा मेंदू साधारण 1300 ते 1400 ग्रॅमचा असतो.

हा मेंदू ज्याचा, त्या माणसानं आयुष्याची शेवटची 21 वर्षं पॅरिसच्या दक्षिण वेशीवरच्या बिसेत्र रुग्णालयात काढली. तिशीच्या सुमारास तो तिथे आला तेव्हा अंगानं धडधाकट होता, सांगितलेलं सगळं त्याला कळत होतं. फक्त बोलता येत नव्हतं. काहीही विचारा, तो हातवारे करत ‘तां, तां’ म्हणायचा. रुग्णालयात सगळे त्याला ‘तां’ याच नावानं ओळखायचे. दहाएक वर्षांनी उजवा हात लुळा पडत गेला, मग उजवा पाय, आणि अखेरची काही वर्षं तो अंथरुणालाच खिळून राहिला. त्या उजव्या पायाला गँगरीन झालं म्हणून 11 एप्रिल 1861 रोजी त्याला शस्त्रक्रिया विभागात हलवलं. तिथले सर्जन होते पॉल ब्रोका, वय 36.

ब्रोकांनी त्याला विचारलं, इथे किती वर्षं झाली? त्यानं हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. 21. उत्तर अचूक होतं. दुसऱ्या दिवशी ब्रोकांनी तेच विचारलं, तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र हा डॉक्टर आपली परीक्षा घेतोय हे त्याच्या लक्षात आलं, तो भडकला आणि त्याच्या तोंडून देवाच्या नावाची एक सणसणीत शिवी बाहेर पडली. ब्रोकांनी ती त्याच्या तोंडून तेवढी एकदाच ऐकली.

ब्रोकांच्या सगळ्या नोंदींत मला हाच प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. शब्द हरवले होते, पण अपमान कळत होता, आणि रागाच्या भरात, ठरवून नव्हे, एक पुरं वाक्य सुटून येत होतं. अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेलेला माणूस ज्यांच्या घरात आहे त्यांना हे नवं वाटणार नाही. ‘पाणी’ एवढा शब्द काही केल्या निघत नाही, आणि संध्याकाळी आरती सुरू झाली की तीच व्यक्ती ओळीमागून ओळ म्हणू लागते. ठरवून बोलणं आणि पाठ असलेलं ओठांवर येणं, या दोन्हींच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत. घरच्यांना मात्र वाटत राहतं की आजोबा मुद्दाम बोलत नाहीत. हा गैरसमज त्या आजारी माणसाला फार छळतो.

17 एप्रिलला तो गेला. चोवीस तासांच्या आत ब्रोकांनी शवविच्छेदन केलं आणि 18 तारखेला हा मेंदू पॅरिसच्या मानववंशशास्त्र मंडळापुढे ठेवला. इतकी घाई कशाला, तर त्या सभेत वाद पेटलेला होता. बोलण्याची शक्ती मेंदूत ठरावीक जागी असते का? फ्रान्झ जोसेफ गाल या वैद्यानं असं म्हटलं होतं खरं, पण त्याच्या मांडणीतून पुढे डोक्यावरची टेंगळं चाचपून स्वभाव सांगण्याचं खूळ निघालं आणि मूळ प्रश्नच बदनाम झाला. त्याआधी 1801 मध्ये व्हिएन्नात सम्राटानं गालची व्याख्यानं बंद पाडली होती, कारण त्यांत धर्माला धोका दिसत होता. आत्मा एकसंध आहे अशी श्रद्धा असेल, तर बोलणं इथे आणि स्मरण तिथे, ही वाटणी कशी चालावी? म्हणून पॅरिसच्या त्या सभेत मेंदूच्या वळ्यांवर जे भांडण चाललं होतं त्याच्या तळाशी माणूस म्हणजे नेमकं काय, हे भांडण होतं. एर्नेस्त ओबर्तां हे डॉक्टर तर शर्त लावून बसले होते: वाचा गेलेल्या एका तरी रुग्णाचा मेंदूचा पुढचा भाग शाबूत दाखवा, मी माझं मत सोडतो. ब्रोकांनी त्यांना ‘तां’च्या खाटेशी नेलं होतं. खळगा पुढेच सापडेल, असं ओबर्तांनी तो माणूस जिवंत असतानाच सांगितलं.

आणि खळगा पुढेच सापडला. त्याच वर्षी ललाँ नावाचा दुसरा रुग्ण दगावला, जेमतेम पाच शब्द उरलेला. त्याच्याही मेंदूत इजा त्याच भागात होती. आणखी रुग्ण जमत गेले तसं लक्षात आलं की इजा दर वेळी डावीकडेच आहे. 1865 मध्ये ब्रोकांनी जाहीर केलं की आपण डाव्या गोलार्धानं बोलतो. त्या जागेला आजही ब्रोकांचंच नाव आहे.

ब्रोकांबद्दल मला आदर आहे, पण अर्धवट सांगून चालणार नाही. याच माणसानं आयुष्यभर कवट्या मोजल्या, मेंदू तोलले, आणि त्या आकड्यांवरून स्त्रिया आणि गोऱ्यांखेरीज इतर वंश बुद्धीनं कमी, असे निष्कर्ष काढले. याच 987 ग्रॅमच्या मेंदूनं त्यांना पंजा उघडून अचूक हिशेब दिला होता. ती साक्ष त्यांनी तेव्हा नीट ऐकायला हवी होती.

तरी काप न करण्याचा त्यांचा निर्णय मोठा होता. इजा किती खोल गेली आहे हे पाहायचा मोह कुणालाही झाला असता. त्यांनी मेंदू बाहेरून तपासला आणि द्युपुईत्रां संग्रहालयात ठेवला, पुढच्यांना स्वतः पाहता यावं म्हणून. पुढच्यांनी तो पाहिला, आणि ब्रोकांच्या विरोधातही वापरला. 1906 मध्ये प्येर मारी यांनी हेच जुने मेंदू पुन्हा तपासून ठणकावलं की डाव्या बाजूच्या पुढच्या भागातल्या तिसऱ्या वळीचा, म्हणजे ब्रोकांच्या जागेचा, भाषेशी खास संबंध नाहीच. 1980 च्या सुमारास ‘तां’च्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. 2007 मध्ये नीना ड्रॉन्कर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मेंदूचं आणि ललाँच्या मेंदूचं एमआरआय छापलं, तेव्हा दिसलं की इजा ब्रोकांना वरून दिसली त्याहून कितीतरी खोल आहे. इन्सुला नावाचा आतला भाग गेलेला, आणि मेंदूचे पुढचे-मागचे भाग जोडणारे लांब तंतूही तुटलेले. म्हणजे एवढी पक्की मुकी अवस्था एका जागेच्या नाशानं आलेली नव्हती. रस्तेच उखडले होते. दीडशे वर्षांनी हे कळू शकलं ते तेव्हा सुरी खाली ठेवली गेली म्हणून.

2016 मध्ये ते संग्रहालय बंद झालं आणि संग्रह पॅरिसमध्येच ज्युसिऊच्या विद्यापीठ परिसरात हलवला गेला.

या सगळ्या काळात माणसाकडे कुणी फारसं वळलं नाही. ब्रोकांनी त्याचं आडनाव तेवढं नोंदवलं, लबोर्न. पाठ्यपुस्तकांनी ‘तां’ पुरेसं मानलं. पोलंडचे चेझारी दोमान्स्की यांनी फ्रान्समधली जुनी दप्तरं चाळून 2013 मध्ये बाकीचं छापलं: लुई व्हिक्टर लबोर्न, जन्म 1809, गाव मोरे, वडील शाळामास्तर. तरुणपणापासून फेफरं यायचं, तरी पॅरिसला येऊन तो बुटांचे लाकडी कलबूत घडवायचं काम करत होता. हातात कसब होतं, घरात लिहिणं-वाचणं होतं. वैद्यकाच्या पुस्तकांत या मेंदूचं चित्र वर्षानुवर्षं छापलं जातंय, आपल्याकडची मुलंही तेच चित्र पाहून परीक्षेला बसतात. पुढच्या आवृत्तीत त्या चित्राखाली पूर्ण नाव यावं: लुई व्हिक्टर लबोर्न, कलबूत करणारा कारागीर.