सासूबाईंचं शेत उघडेना

आमच्या सासूबाईंचं माहेर संकेश्वरचं. लग्न होऊन सुरतेला आल्या आणि इथल्याच झाल्या. उधन्याच्या आमच्या गल्लीत मराठी म्हणजे खानदेशी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मंडळी, घरात अहिराणी आणि बाजारात गुजराती. त्यात आमचं घर जरा निराळं. सासूबाई मराठीत बोलता बोलता रागावल्या की कन्नडवर जातात. त्यामुळे शेजारणींना राग आलाय एवढं कळतं, कशाचा आलाय ते कळत नाही.

त्यांची थोरली बहीण, अक्का, गोकाकला दिलेली. तिचं घर पूर्ण कन्नड. दोघींचं फोनवरचं बोलणं मी नवी सून असताना ऐकत बसायची. अर्धं वाक्य या भाषेत, अर्धं त्या भाषेत, आणि हसणं दोन्हींत.

२००९ च्या जून महिन्यात फेसबुकवर 'फार्मव्हिल' नावाचा खेळ आला. शेतीचा खेळ. नांगरायचं, पेरायचं, पिकलं की काढायचं, आलेल्या नाण्यांतून बी, गाई, कोंबड्या घ्यायच्या. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार होते. वेळेवर काढली नाही तर वाळून जाते. शेजाऱ्याच्या शेतात जाऊन खत घालता येतं. २०१० साली जगभरात आठ कोटींहून अधिक लोक हा खेळ खेळत होते, त्यांत आमच्या सासूबाई आणि गोकाकच्या अक्का या दोघीही होत्या. नातवंडांनी खाती उघडून दिली, माऊस धरायला शिकवलं आणि ती महिन्याभरात दुसऱ्या खेळांकडे पळाली. या दोघी मात्र राहिल्या. शेतकऱ्याच्या मुलीच त्या. पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं होतं, "इथं बांध कुठाय?"

२०१४ च्या उन्हाळ्यात संकेश्वरच्या खऱ्या शेताचा विषय निघाला. साडेतीन एकर, मिरचीचं रान. भावानं दोघी बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं. २००५ च्या कायद्यानं लेकीलाही वडिलोपार्जित जमिनीत लेकाइतकाच हक्क दिलाय हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं, म्हणूनच तर सहीची घाई. अक्कानं केली. सासूबाईंनी केली नाही. त्यांना जमीन विकायची नव्हती की कसायची नव्हती. नाव असू दे, एवढंच म्हणणं. "भावाच्या ताटातला घास काढणार काय तू?" असं अक्का चारचौघांत म्हणाली. सासूबाई त्यावर जे कन्नडमध्ये बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. लग्नकार्यातसुद्धा एक या रांगेत जेवायला बसायची, दुसरी त्या.

पण फार्मव्हिल चालू राहिलं. सासूबाई सकाळी देवपूजा आटोपली की कम्प्युटरपुढं बसायच्या. आधी अक्काच्या शेतात जाऊन खत घालायच्या, मग स्वतःचं बघायच्या. अक्काही तिकडून तेच करायची. यावर घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा अलिखित नियमच झाला होता. मी एकदाच म्हटलं, "आई, अक्कांच्या शेतात खत घालताय की." तर म्हणाल्या, "खेळात तसं करावं लागतं." तसं काही करावं लागत नव्हतं.

२०२० च्या ऑगस्टमध्ये अक्काच्या शेतातलं पीक वाळलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण जेवण कमी झालं. माझ्या नवऱ्यानं हळूच गोकाकला चौकशी केली, तर घरात कोरोना. अक्का अंथरुणाला खिळलेली. नवव्या की दहाव्या दिवशी सासूबाईंनी आतून हाक मारली, "अगं, पेरलंय बघ!" पडद्यावर एका कोपऱ्यात चार वाफे नांगरून स्ट्रॉबेरी लावलेली होती. त्या दिवशी घरात शिरा झाला.

आणि २ जानेवारी २०२१ ला सकाळी शेत उघडेना.

आमच्या घरात कम्प्युटरचं म्हणून जे काही बिघडतं ते माझ्याकडे येतं. आधी नेट बघितलं. सुरतकरांना नेट बंद पडण्याचं नवल नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातभर मोबाईलचं इंटरनेट बंद होतं, तेव्हा आमच्याकडे डोंगलवरच सगळा कारभार, म्हणून शेतही बंद पडलं होतं. पण या वेळी बातम्या उघडत होत्या, भजनं वाजत होती, म्हणजे नेट चालू. राउटर तरीही बंद करून चालू केला, ते आपण सगळेच करतो. मग ब्राउझरमध्ये साठलेला जुना मजकूर पुसला. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहिलं. माझ्या फोनचं नेट जोडून पाहिलं. शेताच्या जागी काही येईना. धाकट्याला वाटलं सरकारनं बंदी घातली असणार, कारण २ सप्टेंबर २०२० ला पबजीसह ११८ अॅपवर बंदी आली होती आणि ऑक्टोबरअखेर त्याचा तो खेळ चालायचा थांबला होता. पण फार्मव्हिल कुणाच्या यादीत नव्हतं.

कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा आला. त्यानं पाच मिनिटं खुडबुड केली आणि "वायरस आहे काकू, फॉर्मेट मारावं लागेल, पाचशे रुपये," असं सांगून टाकलं. त्याला चहा पाजून परत पाठवला. कुठलीही गोष्ट कळली नाही की फॉर्मेट मारायचं, हे या लोकांचं शास्त्र मला कधीच पटलेलं नाही.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो: बिघाड आपल्या घरात आहे की बाहेर? आणि ते कळायला सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या गावातल्या माणसाला विचारणं, तुमच्याकडे उघडतंय का. मी हे सासूबाईंना सांगितलं, आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की आम्हांला माहीत असलेला, अजून फार्मव्हिल खेळणारा माणूस साऱ्या दुनियेत एकच आहे.

सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तू विचार."

"मला कन्नड कुठं येतंय?" मी म्हटलं. येतं थोडंफार. पण म्हटलं.

दुपारी तीनला त्यांनी फोन लावला. साडेसहा वर्षांनंतर पहिला प्रश्न काय विचारला, तर "ऊटा आतेन?" जेवण झालं का. मग थोडं थांबून, "शेत उघडतंय का तुझं?" पलीकडून अक्काचा मोठा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला, "नम्दू बंद आगेती!" आमचंही बंद पडलंय. तिनं तर सकाळपासून दोनदा नातवाला दामटलं होतं.

म्हणजे बिघाड बाहेरचा. मग मी शोधलं आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. हा खेळ 'फ्लॅश' नावाच्या तंत्रावर चालायचा. एकेकाळी इंटरनेटवरचे हलते खेळ, चित्रं, जाहिराती बहुतेक त्यावरच असत. पण त्यात सुरक्षेची भोकं फार, आणि मोबाईलवर ते धड चालेना. आयफोननं तर ते कधी घेतलंच नाही. अॅडोबी कंपनीनं जुलै २०१७ मध्येच सांगून ठेवलं होतं की २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद. फेसबुकही त्यावरचे खेळ चालवणं थांबवणार, म्हणून झिंगा कंपनीनं ३१ डिसेंबर २०२० ला फार्मव्हिल बंद केलं. १२ जानेवारी २०२१ पासून तर अॅडोबीनं फ्लॅशवरचं काहीच चालू नये अशी व्यवस्था केली. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही फॉर्म तोवर फ्लॅशवरच होते, त्या खात्याला तेवढ्यासाठी स्वतःचा वेगळा ब्राउझर काढावा लागला. आमच्या सासूबाईंसाठी असं कोण काढणार?

खेळ बंद होणार ही सूचना सप्टेंबरमध्येच दिलेली होती. इंग्रजीत. सासूबाईंनी ती पाहिलीही असेल आणि जाहिरात समजून बाजूला सारली असेल. कोट्यवधी लोकांना ज्या खेळानं रोजची सवय लावली, त्याचा निरोप वाचायला इंग्रजी यायला हवं, हे मला तेव्हाही खटकलं आणि अजून खटकतं.

फ्लॅशचे जुने खेळ पुन्हा चालवणारी 'रफल'सारखी साधनं आता आहेत, इंटरनेट अर्काइव्हनं असे पुष्कळ खेळ जतनही केलेत. मी आशेनं वाचत गेले. पण ते चालतं ज्या खेळाचं सगळं सामान एका फाइलीत मावतं त्यांना. फार्मव्हिलमध्ये कुणी काय पेरलं, कुणाच्या किती गाई, हे सगळं कंपनीच्या कम्प्युटरवर लिहिलेलं असायचं. तो कम्प्युटरच बंद केल्यावर आपल्याकडे उरतं काय? नुसती चौकट.

हे मी सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "दहा वर्षं केलं मी ते शेत. उतारा कुणाच्या नावावर होता?"

"कंपनीच्या."

"मग माझी सही कुणी घेतली नाही ती?"

याला मी काय उत्तर देणार! खातं उघडताना नातीनं 'मान्य आहे' वर टिचकी मारली होती, हीच काय ती सही. ते सांगायचं मी टाळलं.

मोबाईलवर त्याच कंपनीचा दुसरा शेतीचा खेळ मिळतो, तो मी घालून दिला. सासूबाईंनी दोन दिवस बघितला आणि काढून टाकायला सांगितला. "हे कुणा दुसऱ्याचं रान आहे," म्हणाल्या. अक्कानं तर बघितलाही नाही.

फोन मात्र सुरू झाला. पहिला आठवडाभर नुसतं खेळाचंच बोलणं: कुणाच्या किती गाई गेल्या, अक्काची विहीर केवढी होती. मग आजारपण निघालं. वाळलेलं पीक बघून आमच्याकडे काय झालं होतं, ते अक्काला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणि मग, व्हायचं तेच झालं, सहीचा विषय निघाला. त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांनी आमचं कन्नड ऐकलं. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी बरोबर तीन वाजता गोकाकहून फोन आला, कालचं वाक्य अक्काचं अर्धं राहिलं होतं.

सही अजून झालेली नाही. अक्काचं म्हणणं तेच, सासूबाईंचंही तेच. मधल्या काळात भावानं दोघींकडेही मिरचीची पिशवी पाठवली, यंदा तिखट कमी आहे यावर मात्र दोघींचं एकमत झालं.