शोधायची जागा एक, ठेवायच्या जागा अनेक

कॉलेज संपलं, तसं जर्नल्सचं लॉगिनही गेलं. आता नवलाख उंबऱ्यात बसून खगोलशास्त्र वाचायचं तर सगळी भिस्त 'अर्काइव्ह'वर. छापून येण्याआधीचे शोधनिबंध, म्हणजे प्रीप्रिंट, तिथे फुकट मिळतात. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१मध्ये ते सुरू केलं. २००१मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठाकडे गेलं. पुण्याच्या आयुकातलं, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरचं कामही मला तिथेच सापडतं. दहा ठिकाणी शोधावं लागलं असतं, तर मी कधीच नाद सोडला असता.

म्हणून सगळं एकाच जागी असावं, असं मला वाटायचं. पण 'इंडियाअर्काइव्ह'चं काय झालं बघा. भारतीय संशोधनासाठी २०१९मध्ये ते सुरू झालं, अमेरिकेतल्या 'सेंटर फॉर ओपन सायन्स'च्या यंत्रणेवर. त्या संस्थेलाही खर्च होताच. तिने शुल्क लावलं आणि २०२०पर्यंत अशा छोट्या सेवा पैशांअभावी अडचणीत आल्या.

शोधायला एकच जागा हवी, पण प्रती अनेक ठिकाणी हव्यात. अर्काइव्हची एक मिरर प्रत पूर्वी चेन्नईच्या गणितविज्ञान संस्थेत असायची. तशा प्रती आपल्या विद्यापीठांनी पुन्हा ठेवाव्यात, त्याचा खर्चही उचलावा. लॉगिन नसलेल्या माझ्यासारख्यांना दुसरं दार नाही.