ताट मोठ्यांचं, हात बाळाचा

उष्टावणाला बाळ मामाच्या मांडीवर बसतं. चांदीच्या वाटीत खीर असते आणि ती सोन्याच्या अंगठीने चाटवतात. मुलगा असेल तर सहावा किंवा आठवा महिना, मुलगी असेल तर पाचवा किंवा सातवा, असा रिवाज. डॉक्टर मात्र मुलगा-मुलगी न पाहता सहा महिने पूर्ण होऊ द्या म्हणतात. काही घरांत त्याच दिवशी आणखी एक विधी होतो. बाळाला जमिनीवर बसवून त्याच्यापुढे पुस्तक, लेखणी, अवजार, दागिना मांडतात आणि ते पहिला हात कशाला लावतं ते पाहतात. याला जीविका-परीक्षा म्हणतात. पुढे काय काम करशील हे आपण बाळाच्या हाताला विचारतो. मग आत्ता किती खाशील, हेही त्याच हाताला विचारावं असं मला मनापासून वाटतं.

हा हात निवांत बसून पाहण्यासारखा असतो. सहा महिन्यांचं बाळ वस्तू अख्ख्या पंजाने धरतं. अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमायला साधारण नववा महिना उजाडतो. म्हणून सुरुवातीला बारीक तुकडे त्याच्या कामाचे नसतात. मुठीबाहेर टोक उरेल अशी बोटाएवढी लांब फोड हवी. उकडलेलं रताळं, वाफवलेला लाल भोपळा, पिकलेलं केळं, इडलीची पट्टी, मुगाचं मऊ धिरडं, यांतलं काहीही चालतं. दोन बोटांत दाबलं की चिरडलं पाहिजे, एवढंच. मीठ-साखर घालायची नाही आणि वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही.

माझ्या भाचीने तिच्या लेकाला असंच खायला बसवलं, तेव्हा तिच्या सासूबाईंचा जीव कासावीस झाला. "अगं, भरव ना त्याला, उपाशी राहील बाळ." भाची म्हणाली, "आई, तुम्ही तुमचं ताट घेऊन त्याच्यासमोर बसा. तो तुमच्याकडे बघून खाईल." त्या बसल्या. रताळं कपाळाला लागलं, कानात गेलं, थोडं तोंडातही गेलं. नातवाने आपल्याकडे पाहत तोंड हलवलं, याचं त्यांना केवढं अप्रूप वाटलं! जेवण ही एकत्र बसून करायची गोष्ट आहे, हे बाळ खाण्याच्या पहिल्याच महिन्यात शिकलं.

बाळाने आपल्या हाताने खाण्याच्या या पद्धतीला जगभर नाव मिळवून दिलं ते ब्रिटनमधल्या जिल रॅपली यांनी. ट्रेसी मर्केट यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं पुस्तक २००८ साली आलं. पण याची मुळं मला त्याहून जुन्या एका प्रयोगात दिसतात. १९२०च्या दशकात अमेरिकेत क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंनी नुकत्याच दूध सुटलेल्या बाळांना आपलं जेवण आपण निवडू दिलं. पुढे या प्रयोगात एकूण १५ मुलं आली. ३४ पदार्थांच्या यादीतले पदार्थ त्यांच्यापुढे मांडले जात. परिचारिकेने चमचा हातात धरून शांत बसायचं. बाळाने एखाद्या वाटीकडे हात केला तरच त्यातलं द्यायचं, आग्रह करायचा नाही. प्रत्येक मुलाची आवड वेगळी निघाली आणि सगळी मुलं उत्तम वाढली. मात्र यादीत गोडधोड किंवा डबाबंद असं काही नव्हतं. धान्य, भाज्या, फळं, अंडी, मांस, मासे, दूध, सगळं साधं. खरी मेख त्या यादीतच होती, हे डेव्हिसबाईंनी स्वतःच १९३९ साली सांगितलं. ताटात काय असावं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं, हे बाळाने.

आईबापांना धास्ती असते ती घास अडकण्याची. ती रास्त आहे. पण उबळ वेगळी आणि श्वास अडकणं वेगळं. बाळाच्या जिभेवर उबळ येण्याची जागा मोठ्यांपेक्षा बरीच पुढे असते, म्हणून ते खोकतं, घास पुढे ढकलतं आणि पुन्हा खायला लागतं. श्वास अडकलेलं बाळ आवाजच करू शकत नाही. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठाने २०६ कुटुंबांचा अभ्यास केला. काळजीचे नियम शिकवले, तर हाताने खाणाऱ्या बाळांत घास अडकण्याचं प्रमाण चमच्याने खाणाऱ्यांहून जास्त नव्हतं. नियम मात्र पाळायचेच. बाळ ताठ बसलेलं हवं आणि मोठं माणूस समोर हवं. अख्खे शेंगदाणे, चणे, लाह्या, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, सीताफळाच्या बिया त्याच्यापासून लांब ठेवायच्या.

दुसरी काळजी लोहाची. जन्मतः मिळालेला साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. नुसती फळं चोखून ते भरून निघत नाही. म्हणून घट्ट वरण, अंडं, काटे काढलेला मासा, खिमा रोजच्या खाण्यात यावा. नाचणीची पेज आणि तूप घातलेला मऊ भात चमच्याने भरवला म्हणून काही बिघडत नाही. चमचा जवळ आल्यावर बाळाने तोंड उघडलं तर द्यावा, मान वळवली तर थांबावं. चिऊकाऊच्या घासात निदान आईचा चेहरा समोर असायचा. मोबाइलच्या पडद्याकडे डोळे लावून गिळलेल्या घासात बाळाला पोट भरल्याचंही कळत नाही.

आणि ताट मोठ्यांचं म्हणताना ते फक्त आईबापांचं नसतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ६ ते २३ महिन्यांच्या बाळांपैकी जेमतेम ११ टक्क्यांना पुरेसा आहार मिळत असल्याचं दिसलं. ज्या घरात डाळच आठवड्यातून एकदा शिजते, तिथे बाळाने निवडायचं कशातून? एकात्मिक बाल विकास योजना १९७५पासून चालू आहे, गावोगाव अंगणवाड्या आहेत. तिथल्या बाळाच्या वाटीत डाळ, भाजी, अंडं पोहोचतं की नाही, हे पाहणं आपल्या सगळ्यांचं काम आहे.

तेवढं आपण करूया. ताट चांगलं वाढूया, जवळ बसूया, आणि बाळाने मान फिरवली की त्याचं जेवण झालं, हे मान्य करूया.