वाळूच्या दोन गोण्या

आमच्या बुऱ्हाणपुरात बर्फ म्हटलं की उसाच्या रसवाल्याकडची लादी आठवते, नाहीतर काडीवरचा गोळा. मे महिन्यात पारा ४५ला टेकणारं गाव आमचं. तरी बर्फात गाडी कशी चालवायची यावर मी मॉन्ट्रियलच्या दादाशी (माझा मावसभाऊ) तासभर बोलू शकते. कारण आमच्याकडे बर्फ नसला तरी काळी माती आहे.

या मातीच्या भेगांत उन्हाळ्यात अख्खा हात जातो. पाणी लागलं की तीच माती फुगते आणि लोण्यासारखी होते. टायरच्या खाचांत अशी गच्च बसते की दहा पावलांत टायर गुळगुळीत. केळीच्या बागेकडे जाणाऱ्या आमच्या वाटेवर मुरूम टाकलाय, पण अर्ध्यापर्यंतच. पुढे सगळी काळी.

बाबांची गाडी म्हणजे जुनी मारुती ओम्नी. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, ओम्नीत मागच्या. इंजिन मात्र पुढच्या सीटांखाली. म्हणजे गाडी रिकामी असली की ज्या चाकांनी ती ढकलायची, त्यांच्यावरच वजन कमी. बाबांनी मागच्या सीटा काढून तिथं तापीच्या वाळूच्या दोन गोण्या टाकल्या होत्या. पावसाळाभर त्या तिथंच असायच्या. मला वाटायचं, कधीतरी बांधकामाला आणलेली वाळू, उतरवायचा कंटाळा केला असेल.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याला घरी गेले होते. गाडी धुतली आणि त्या गोण्या ओढून काढल्या. उगाच पेट्रोल जास्त लागतं, असं माझं गणित. दुसऱ्या दिवशी बाबा मंडीत गेले होते, म्हणून मजुरांचं जेवण घेऊन मी आणि आई ओम्नीतून निघालो. रात्री पाऊस पडून गेला होता.

विहिरीजवळ वाट वळते. विहिरीला तेव्हा कठडा नव्हता. वळणावर गाडी जरा अडखळल्यासारखी वाटली म्हणून मी ॲक्सिलेटर दाबला. मागची बाजू सरकन बाहेर निघाली. मी घाबरून करकचून ब्रेक मारला, तर गाडी आणखीच फिरली. थांबली तेव्हा आईच्या दारापासून विहीर दीड हातावर होती. आईच्या मांडीवर डबा तसाच होता. ती काही बोलली नाही. माझ्या बाजूच्या दारातून सरकत खाली उतरली, लुगडं नीट केलं आणि म्हणाली, “घरी बोलू नको.”

मजुरांनी चाकाखाली पऱ्हाट्या घालून गाडी बाहेर काढली. रात्री मी गोण्या गुपचूप परत ठेवल्या. बाबांनी काही विचारलं नाही. दिवाळीला गेले तर विहिरीला विटांचा कठडा बांधलेला दिसला. तेव्हाही कोणी काही बोललं नाही. मी मात्र किल्लीला हात लावणं सोडून दिलं होतं. “अभ्यास आहे” म्हणायचे.

त्या डिसेंबरात दादाचा फोन आला. त्यानं जुनी माझदा मियाटा घेतली होती. दोन सीटांची, बुटकी स्पोर्ट्‌स कार. तीही मागच्या चाकांवर चालणारी. हिवाळ्याआधी विकून टाक, असं सगळे त्याला सांगत होते. तिकडे क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणं कायद्यानं सक्तीचं आहे. साधारण ७ अंशांच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होत जातं आणि पकड सुटते. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं.

का कोण जाणे, मी त्याला विहिरीचं सांगितलं. घराबाहेर पहिल्यांदाच. तो जरा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, “माझीही गाडी फिरली गं. पूर्ण गोल. बर्फाच्या ढिगाला जाऊन टेकली. मावशीला तुझ्या सांगितलेलं नाही, आणि माझ्या आईला तर नाहीच.”

नंतर त्यानं काय केलं तेही सांगितलं. बर्फ पडल्यावर एका मोकळ्या पार्किंगमध्ये मित्राला घेऊन गेला आणि अगदी हळू वेगात गाडी मुद्दाम घसरवत राहिला. टायरची पकड मोजकीच असते. ती सगळी पुढे ढकलण्यात खर्च केली, तर वळणावर धरून राहायला उरत नाही. म्हणून शेपटी निघाली की ॲक्सिलेटर हलकेच सोडायचा, ब्रेक दाबायचा नाही, शेपटी ज्या बाजूला जातेय त्याच बाजूला स्टिअरिंग वळवायचं आणि नजर खड्ड्यावर न ठेवता जिथं जायचंय तिथं ठेवायची. “आणि हो,” तो म्हणाला, “डिकीत वाळूची एक गोणी ठेवतो. इकडे जुनी माणसं ठेवतात.”

मी फोन ठेवला आणि रडले.

सुट्टीत घरी गेल्यावर बाबांना विचारलं, “तुम्हाला गोण्यांचं कोणी शिकवलं?” बाबा म्हणाले, “कोणी कशाला? छोटा हत्ती पाहिला नाहीस का? रिकामा असला की नाचतो, भरला की चालतो.” मग थोडं थांबून म्हणाले, “गोण्या जागेवर नव्हत्या, ते मला त्याच दिवशी दिसलं होतं. चाकाचे वळही पाहिले. तू सांगशील म्हणून थांबलो होतो.”

मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, “वाळू कशाला आहे ते मीही तुला सांगायला पाहिजे होतं.”

पुढच्या जुलैत त्यांनी मला पडीक तुकड्यात नेलं. पाऊस नुकताच उघडला होता. “घसरव,” म्हणाले. मी घसरवली. दहादा तरी. पाचव्या-सहाव्या वेळेपासून हात आपोआप वळायला लागले. बाबा शेजारी बसून हसत होते. मला वाटतं, त्यांनाही पहिल्यांदाच मजा येत होती.

यंदा पोळ्याला आई पुन्हा माझ्या शेजारी बसली. मांडीवर डबा, मागे दोन गोण्या. विहिरीच्या वळणावर तिनं दाराची कडी घट्ट धरली. मी पाहिलं, पण काही बोलले नाही. हळूच ॲक्सिलेटर सोडला.